पुरं किती, वर किती

माझ्या हातून आयुष्यात बराच मूर्खपणा झाला. पाहुण्यांच्या भरीतात मिठाऐवजी साखर घातली आहे, चिंचवडला उतरायचं सोडून लोणावळ्यापर्यंत जाऊन आले आहे. पण पगार घेऊन, सही करून, तीन प्रतींत टाइप केलेला मूर्खपणा एकच. एका माणसाच्या अंगठ्यात खोट आहे, असं मी कंपनीला लिहून दिलं. खोट माझ्या प्रोग्रॅममध्ये होती.

आधी तो अंगठा बघा. आबा (आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो) कोणी बोलायला लागलं की उजवी मूठ छातीपाशी धरायचे आणि अंगठा वर उभा करायचे. बोलणं सुरू झालं की अंगठा खाली, संपलं की पुन्हा एकदा खाली. मुठीत काही नसायचं. पण आमच्या साहेबांचं सकाळचं भाषण संपलं की आबा त्या रिकाम्या मुठीकडे बघून हळूच सांगायचे, "पुरं चार मिंटं, वर दहा सेकंद. येवढ्यात अठरा पीस तपासून झालं असतं."

भोसरीच्या एमआयडीसीत आमची कंपनी. गाडीचा इंडिकेटर उघडझाप करतो ना, तो करवणारी डबी आम्ही बनवत असू. दिवा अर्धा सेकंद पेटला पाहिजे, अर्धा सेकंद विझला पाहिजे. तशी डबी आहे की नाही, हे तपासायच्या टेबलावर आबा बसायचे. डबी खाचेत बसवायची, अंगठ्याने बटण दाबायचं, आकडा बघायचा, पास किंवा नापास. दिवसाला दोन हजार वेळा.

आबा कुरुळीचे. जुनं शेतकरी घर. रोज सायकलवरून येत, आणि पाट्या टाकणारी माणसं शिफ्ट संपायच्या भोंग्याची वाट बघतात तशी बघत नसत. त्यांची दुसरी नोकरी गावात होती, बिनपगारी. कुरुळीच्या जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या तेव्हा घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, घड्याळ आबांच्या हातात असायचं. आपल्याकडच्या घाटात गाडे एकमेकांशी नाही, घड्याळाशी पळतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. भंडारा उधळलेला, हलगी कडाडतेय, दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर आलेली. आणि आबा एकाच आवाजात सांगायचे, "पुरं अकरा, वर सत्तेचाळीस." अकरा सेकंद आणि वरचे शंभरातले सत्तेचाळीस. एका शतांशावरून डोकी फुटतील अशा त्या गर्दीत आबांच्या आकड्यावर कोणी तोंड उघडत नसे. त्यांच्या घराण्यात जमीन होती, बैल होते, पण आबांची इस्टेट म्हणजे तो अंगठा.

ही सवय त्यांनी सगळ्याला लावली होती. वय विचारलं तर "पुरं छप्पन, वर दोन म्हैनं." घरून निघायला किती वेळ झाला? "पुरं एक तास, वर पंक्चर." आणि कोणी कसलीही तक्रार घेऊन आलं, मशीन बिघडलं, पोट दुखतं, सून बोलत नाही, तर पहिला प्रश्न एकच: "कवापासनं?"

आता दुसऱ्या पात्राकडे वळते. चौतीस वर्षांची, गणितात एम.एस्सी., ताठ मानेची, आणि सी नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारा कंपनीतला एकमेव प्राणी. म्हणजे मी. कॉम्प्युटर गरम होऊ नये म्हणून माझ्या खोलीत एसी होता आणि मला वाटायचं, तो माझ्यासाठी आहे. खोलीत शिरताना साहेबसुद्धा चपला बाहेर काढत. देवळात पुजाऱ्याचं जे होतं, ते माझं झालं होतं.

तर मी आबांच्या टेबलाला कॉम्प्युटर जोडला. दिवा पेटला तो क्षण टिपायचा, विझला तो क्षण टिपायचा, दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. सेकंदाचे हजार भाग धरले तर उत्तर चारशे ऐंशी ते पाचशे वीसच्या मध्ये आलं पाहिजे. क्षण टिपायचा म्हणजे मशीन चालू केल्यापासून किती सेकंद झाले ते बघायचं, आणि पुरे सेकंद व त्यावरचे बारीक अंश हे सगळं मिळून मी एकाच दशांशाच्या आकड्यात ठेवलं. सुटसुटीत. एक वेळ, एक आकडा. साहेबांना दाखवताना मी "एलिगंट" हा शब्द वापरला होता.

गुरुवारी आमच्या भागाची वीज बंद, म्हणून कारखान्यांना सुट्टी. शुक्रवारी सकाळी सातला मशीन चालू व्हायचं ते तीन शिफ्ट, बुधवार रात्रीपर्यंत बंद म्हणून व्हायचं नाही. आणि मी माझं मशीन तपासायची कधी? शुक्रवारी. आदल्या दिवशीची सुट्टी, डोकं ताजं, केस धुतलेले, चहा गरम. शुक्रवारी मशीन सोन्यासारखं वागायचं.

सोमवारपासून नापास डब्यांचा ढीग लागायचा. बुधवारपर्यंत तर क्रेट पुरत नसत. बरं, त्यातल्या निम्म्या शुक्रवारी पुन्हा लावल्या की पास. उलट पास होऊन गेलेल्या काही गिऱ्हाइकाकडून वाजतगाजत परत आल्या. कोणीतरी बुधवारी मला बोलवायला यायचं आणि मी मान वर न करता सांगायची, "शुक्रवारी बघते."

एका मंगळवारी आबा स्वतः आले. चपला बाहेर काढून, दारातच उभे.

"बाई, सोमवारपासनं ह्ये मशिन तीनच आकडं दावतंय."

"तीनच म्हणजे?"

"चारशे एकुणसत्तर, पाचशे, पाचशे एकतीस. मधलं कायबी न्हाई. शुक्रवारी कसं, चारशे सत्त्याण्णव, पाचशे तीन, पाचशे अकरा, समदं येतं. डब्या काय ठरवून तीनच परकारच्या जल्मल्या का?"

तुम्ही आणि मी आज हे वाचतोय, तर आपल्याला लगेच कळतं की हा माणूस हिरा हातावर ठेवतोय. मी काय म्हणाले? "आबा, योगायोग असतो."

ते गेले नाहीत. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात शुक्रवारपासूनचे सेकंद धावत होते, तिकडे बोट केलं. "ह्यो टाइम कवापासनं धरलाय?"

"मशीन चालू झाल्यापासून."

"म्हंजी शुक्रवारपासनचा समदा? अन् एकाच आकड्यात?"

"कॉम्प्युटरला मोठा आकडा जड होत नाही, आबा."

"जड न्हाई व्हत," ते म्हणाले, "पन मग वरचं कुठं ठिवतो त्यो?"

मी हसले. नुसती हसले नाही, दुपारी कॅन्टीनमध्ये हे नक्कल करून सांगितलं. "वरचं कुठं ठिवतो त्यो!" टेबल दणाणलं. नक्कल मला चांगली जमते. अजूनही जमते, पण ही एक मी पुन्हा केली नाही.

त्या दिवशी आबांनी आणखी एक केलं. नापास झालेली एक डबी घेतली, खिशातलं जत्रेचं स्टॉपवॉच काढलं आणि तिच्या शंभर उघडझापा मोजल्या. "पुरं नव्व्याण्णव, वर चाळीस," त्यांनी साहेबांना सांगितलं. म्हणजे एका उघडझापेला सेकंदाला थोडं कमी, म्हणजे डबी ठणठणीत. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "सर, बैलांचं घड्याळ आहे ते." साहेब हसले. आबाही हसले, दुसरं करणार काय.

गिऱ्हाइकाचं तिसरं पत्र आलं तेव्हा साहेबांनी माझ्याकडे लेखी अहवाल मागितला. तो मी लिहिला. इंग्रजीत, कारण खोटं इंग्रजीत लिहिलं की तांत्रिक वाटतं. अर्थात तेव्हा मला ते खोटं वाटत नव्हतं. मला तो निष्कर्ष वाटत होता. ऑपरेटर बटण दाबताना अंगठा एकसारखा ठेवत नाही, वयोमानाने प्रतिसाद मंद झाला आहे, टेबलावर तरुण माणूस बसवावा. वास्तविक बटणाने फक्त तपासणी सुरू व्हायची. दिवा कधी पेटला, कधी विझला, ते मशीन आपलं आपण टिपायचं. अंगठ्याचा त्या मोजण्याशी काडीचाही संबंध नव्हता. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण तो प्रोग्रॅम लिहिणारी बाई मीच होते.

आबांना बदलीचा कागद मिळाला, सोबत माझ्या अहवालाची प्रत. ते ती घेऊन माझ्याकडेच आले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि वाचून दाखवण्यासाठी त्यांना विश्वासाचं माणूस मीच वाटले.

मी वाचून दाखवलं. शक्य तेवढं गुळगुळीत करून. तरी अंगठ्याला दुसरा शब्द सापडेना.

"अंगठा?" त्यांनी विचारलं. मग उजवा हात समोर धरून त्याच्याकडे असे बघत राहिले, जसं काही तो कोणीतरी दुसऱ्याने ठेवायला दिला होता. "कवापासनं" हे त्यांनी विचारलं नाही. बहुतेक माझ्यासारख्या शिकलेल्या बाईने लिहिलंय म्हणजे बऱ्याच दिवसांपासून असणार, असं त्यांनी धरून घेतलं.

त्यांना पॅकिंगमध्ये पाठवलं. खोक्यांना चिकटपट्टी लावायची. तिथे अंगठा लागतो, पण कोणी मोजत नाही.

टेबलावर आयटीआय झालेला बावीस वर्षांचा गडी बसला. शुक्रवारी छान. शनिवारी छान. सोमवारी नापासांचा ढीग. मंगळवारी मी स्वतः जाऊन पाठीमागे उभी राहिले. शुक्रवार सोडून पहिल्यांदाच. पडद्यावर आकडे येत होते: पाचशे. पाचशे. चारशे एकोणसत्तर. पाचशे. पाचशे एकतीस. पाचशे.

एसीच्या खोलीत परत आले आणि माझाच प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.

मी वेळेसाठी जो आकड्याचा प्रकार निवडला होता, त्यात दशांश चिन्ह हवं तिकडे सरकतं, पण अंक मोजकेच मावतात, सातेक. शुक्रवारी सकाळी सेकंद थोडे असतात. उरलेल्या जागेत बारीक अंश पाय पसरून बसतात. दिवस जातील तसे सेकंद फुगत जातात आणि बारीक अंश दाराबाहेर. सोमवारी सकाळी सेकंदांचा आकडा अडीच लाखांवर गेला की मशीनला एका सेकंदाचे फक्त बत्तीस तुकडे दिसू लागतात. अर्ध्या सेकंदाच्या आसपास तीनच उत्तरं उरतात. गुरुवारी वीज गेली की सगळं शून्यावर, आणि शुक्रवारी मी केस धुऊन तपासायला हजर.

वरचं कुठं ठिवतो त्यो? कुठंच ठेवत नव्हता. सांडून टाकत होता.

दुरुस्तीला एक दिवस पुरला. वेळ दोन पूर्णांकांत ठेवायची. एका खणात पुरे सेकंद. दुसऱ्या खणात वरचे अंश, आणि ते भरून सेकंद झाला की एक पहिल्या खणात टाकायचा. कुरुळीच्या घाटावर पोरासोरांना पाठ असलेली पद्धत. बुधवारी सकाळी मशीन पुन्हा चालू केलं, दुपारपर्यंत नापासांचा ढीग ओसरला, आणि सातशे चाळीस तास सलग चालवल्यासारखे आकडे भरून बघितले तरी ते हललं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग लगेच साहेबांकडे जाऊन सांगितलं असेल. साहेबांकडे गेले खरी. म्हणाले, "सर, सुधारित आवृत्ती बसवली आहे."

बस. एवढंच. माझं कारण तयार होतं: कंपनीत एकच बाई, तिचीच चूक निघाली तर पुन्हा कोणी बाईला कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही. मी समस्त स्त्रीजातीसाठी गप्प बसले. हे कारण इतकी वर्षं वापरलं की त्याला भोकं पडली. आता त्यातून आरपार दिसतं, आणि पलीकडे एक ताठ मानेची बाई उभी दिसते, जिला फक्त चपला बाहेर काढणारी माणसं हवी होती.

त्या महिन्याची उत्कृष्ट सूचना म्हणून मला बक्षीस मिळालं. भिंतीवरचं घड्याळ. फोटोत मी हसते आहे आणि मागे पॅकिंगची माणसं टाळ्या वाजवताहेत. आबांचेही हात आहेत त्यात.

चैत्रात कुरुळीची जत्रा झाली. आमच्याकडे तिथलाच एक वेल्डर होता, त्याने मला सांगितलं की यंदा आबांनी घड्याळ धरलं नाही. गावाने नाही काढलं. ते स्वतःच देऊन आले. माणसं समजवायला गेली, तर म्हणाले म्हणे, "कंपनीनं लिवून दिलंय. उद्या कुनाचा गाडा माज्या अंगठ्यापायी हारला तर?" घड्याळ दुसऱ्याने धरलं, आणि पहिल्याच दिवशी निकालावरून मारामारी झाली.

हे ऐकल्यावर तरी? नाही. मी वेल्डरला म्हणाले, "अरेरे." पुढच्या चैत्रातही तेच झालं, आणि मीही तेच म्हणाले.

मध्यंतरी एका रविवारी माझी नात सांगवीला माझ्या घरी आली होती. हिंजवडीत नोकरी करते. म्हणजे निम्मा दिवस नोकरी आणि निम्मा दिवस त्या वाटेवरच्या ट्रॅफिकमध्ये. कुठली तरी नवी भाषा शिकली आहे, मशीनच्या अगदी पोटात शिरून बोलणारी. लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आज्जी, बघ किती भारी केलंय. वेळ एका आकड्यात ठेवतच नाहीत. एका खणात पुरे सेकंद, दुसऱ्यात सेकंदाचे अब्जावे भाग. अब्ज झाले की एक सेकंद आपोआप पहिल्या खणात. कितीही वर्षं चालव, बारीक वेळ हरवत नाही."

"बरं," मी म्हणाले.

"आणि 'किती वेळ' वेगळं, 'कुठल्या क्षणापासून' वेगळं. एकाच्या जागी दुसरं ठेवलं तर ही भाषा प्रोग्रॅम पुढे जाऊच देत नाही. आधीच ओरडते."

"आमच्याकडे ओरडायला आबा होते," मी म्हणाले. "मी त्यांना पॅकिंगमध्ये पाठवलं."

मग तिला हे सगळं सांगितलं. ऐकताना तिने भिंतीकडे बघितलं. ते बक्षिसाचं घड्याळ अजून तिथेच आहे, दिवसाला चार मिनिटं मागे पडतं आणि मी दुरुस्त करत नाही. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या शेतावर आता कुठल्याशा कारखान्याचं पार्किंग आहे, आणि घाटावर म्हणे प्रकाशाचा किरण लावतात; बैलाने तो तोडला की पाटीवर आकडा उमटतो. तो किती खणांत ठेवतात, हे विचारायला मी काही गेले नाही.

"पण तू त्यांना सॉरी म्हणालीस ना?" नातीने विचारलं.

म्हणाले. आबा रिटायर झाले त्या दिवशी. कॅन्टीनमध्ये हार, नारळ, शाल झाली. साहेबांनी "प्रामाणिक सेवा" यावर भाषण केलं आणि मी पाहिलं, आबांनी मूठ वर घेतली नाही. भाषण कोणी मोजलंच नाही.

मी त्यांना सायकल स्टँडपाशी गाठलं. शाल कॅरियरला बांधत होते. मी सगळं सांगितलं. शुक्रवार, सोमवार, तीन आकडे, दोन खण. अंगठ्यात काही नव्हतं, हेही. इतकं भरभर सांगितलं की मध्येच दम लागला. त्यांनी सुतळीची गाठ पुरी केली. मग उजवा हात समोर धरून उलटसुलट करून बघितला.

"म्हंजी ह्यो बरा व्हता."

"हो, आबा."

"तुमाला कवापासनं ठाऊक हाय?"

त्या प्रश्नाला मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. "तुम्हाला पॅकिंगला पाठवलं, त्याच्या पुढच्या मंगळवारपासून."

आबांनी मूठ छातीपाशी आणली. अंगठा वर उभा केला, आणि एकदाच, सावकाश, खाली दाबला.

"पुरं दोन जत्रा, बाई. वरचं सोडून देतो."